जुन्या अमेरिकन सिटी बस सगळ्या सारख्याच का दिसतात, आणि एखादी विकत घ्यावी का?

प्रश्न दोन आहेत, ते आधी लिहितो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. विचारणारे न्यू जर्सीला असतात, न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियमचा जुन्या बसचा फेस्टिव्हल ब्रुकलिनला असतो तिथे मुलाला घेऊन गेले होते, आणि त्यांना वाटलं की बस कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही सालच्या असोत, दोनतीनच चेहरे आलटून पालटून दिसतायत, मग लोक एवढे वेडे का होतात, एक म्हातारा तर म्हणे इंजिनाच्या झाकणापाशी डोळे मिटून उभा होता. दुसरा प्रश्न असा की लिलावात अशा बस बऱ्या कारपेक्षा स्वस्त दिसतात, तर एखादी घेऊन ठेवावी का.

माझी ओळख एवढीच की सुरुवात दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून, मग इकडे येऊन एका ट्रान्झिट एजन्सीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक, पुढे फोरमन, आणि आता रिटायर होऊन शनिवारी म्युझियमच्या शेडमध्ये हात काळे करतो. त्यामुळे जे सांगतोय ते बसच्या खाली झोपून बघितलेलं आहे, फोटो काढणाऱ्या मंडळींचं मत वेगळं असू शकतं.

सारख्या दिसतात हे तुम्ही बरोबर टिपलंत. त्याचं कारण सरळ आहे, त्यातल्या बहुतेक एकाच कंपनीच्या आहेत, जनरल मोटर्स म्हणजे जीएम. आणि माझं म्हणणं असं आहे (ह्यावर आमच्या शेडमध्ये दर शनिवारी भांडण होतं) की ज्या मक्तेदारीला आपण शिव्या घालतो तिच्यामुळेच ह्या बस आज चालू स्थितीत दिसतात. ज्या कंपन्या हरल्या त्यांच्या बस जास्त सुंदर होत्या असं म्हणणारे पुष्कळ आहेत, असतीलही, पण त्या आता काचेमागे नाहीतर फोटोत.

थोडं मागे जाऊ. १९२० च्या आसपासची बस म्हणजे ट्रकचीच चेसिस, पुढे नाक काढलेलं, त्यात इंजिन, मागे बॉडी. शिकागोला जॉन हर्ट्झ नावाचा टॅक्सीवाला होता, भाड्याच्या गाड्यांवर ज्याचं नाव असतं तोच, त्याने १९२३ मध्ये यलो कोच कंपनी काढली, १९२५ मध्ये जीएमने तिचा मोठा हिस्सा घेतला आणि १९४३ मध्ये ती पूर्णच जीएमचा ट्रक आणि कोच विभाग झाली, कारखाना मिशिगनमध्ये पाँटिअ‍ॅकला. पण सिटी बसचा आजचा चेहरा, म्हणजे नाक नसलेली पेटी, पुढच्या चाकाच्याही पुढे दार आणि ड्रायव्हर दाराशेजारी, हा जीएमने काढला नाही. तो १९२७ मध्ये फेजॉल बंधूंनी ओहायोतल्या केंट गावी ट्विन कोच नावाने काढला, त्यात दोन्ही बाजूंना मधोमध एकेक अशी दोन इंजिनं होती. म्हणजे दोन इंजिनांचा मेंटेनन्स, विचार करा! मेकॅनिक म्हणून मला त्या बसबद्दल आदर आहे, प्रेम नाही.

जीएमने मग डोकं लावलं ते मागच्या बाजूला. ड्वाइट ऑस्टिन नावाचा डिझायनर १९३४ च्या सुमाराला यलो कोचला आला आणि त्याने इंजिन बसच्या अगदी मागे आडवं टाकलं. आता इंजिन आडवं आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गियरचा गोळा) बसच्या मध्यरेषेवर, तर शाफ्ट न्यायचा कसा, त्याने ट्रान्समिशन म्हणजे गियरबॉक्स इंजिनाच्याच रांगेत आडवं ठेवून तिथून शाफ्ट तिरका काढून डिफरन्शियलला दिला, वरून बघितलं तर इंग्रजी व्ही अक्षर दिसतं, म्हणून व्ही ड्राइव्ह. फायदा काय तर लांबी वाचली, मागची सीट पूर्ण मिळाली आणि मागचं झाकण वर केलं की अख्खं इंजिन समोर, खाली वाकायला नको. ज्यांनी आपल्याकडे बॉनेटच्या कडेने हात घालून जुन्या लेलँडचं काम केलंय त्यांना ह्याची किंमत कळेल.

दुसरी गोष्ट चेसिस. आपल्याकडे एसटीत चेसिस यायची आणि वर्कशॉपमध्ये तिच्यावर बॉडी बांधायचे, दापोडीत आम्ही तेच करायचो, त्यामुळे पहिल्यांदा जीएमच्या बसखाली गेलो तेव्हा मी चेसिसचे दोन लांब मेंबर शोधत राहिलो, ते नाहीतच. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आत वेगळा सांगाडा कुठे असतो, पत्राच सगळा भार घेतो, तसं हे, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेले आणि तेच स्ट्रक्चर. वजन कमी होतं. आणि १९५३ पासून त्यात लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगच्या जागी हवेच्या दाबावरचं एअर सस्पेन्शन यायला लागलं, तेव्हापासून बसच्या चालीत जो फरक पडला तो आत बसल्याशिवाय कळत नाही.

आता तो डोळे मिटलेला म्हातारा. तो काय ऐकत होता ते सांगतो, कारण ह्या सगळ्या वेडाचं मूळ तिथे आहे. १९३८ मध्ये जीएमने डेट्रॉइट डिझेल सुरू केली आणि ७१ मालिकेचं इंजिन आणलं, ७१ म्हणजे एका सिलिंडरचं माप, ७१ घन इंच, आपल्या हिशोबाने साधारण १.१६ लिटर. सहा सिलिंडर असले की ६-७१, व्ही आकारात असले की ६व्ही७१. सिलिंडरचं माप तेच, त्यामुळे पिस्टन, लायनरसारखे बरेच पार्ट एका इंजिनातले दुसऱ्यात बसतात. हे टू-स्ट्रोक डिझेल आहे. साध्या चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर पेटतो, ह्यात दर फेरीला, म्हणून इंजिन २००० आरपीएमवर असलं तरी कानाला ४००० वाटतं. त्यात हवा स्वतःहून आत ओढायची सोय नाही, कडेला ब्लोअर असतो, तो सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून हवा ढकलतो आणि धूर वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. ब्लोअरची ती शिट्टी, वर सायलेन्सरचा भसाडा आवाज, आणि त्यात जुनं हायड्रॉलिक ट्रान्समिशन.

हे ट्रान्समिशन म्हणजे आणखी गंमत. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन एकदम वरच्या सुरात जाऊन तिथेच थांबतं, बस मात्र सावकाश वेग घेत राहते, कारण मध्ये टॉर्क कन्व्हर्टरचं तेल घुसळतंय, गियर बदलल्यासारखं काही होतच नाही, आणि मग एका वेगाला ट्रान्समिशन थेट ड्राइव्हला लॉक होतं, एक हिसका, आणि इंजिनाचा सूर धप्पकन खाली येतो. १९५० आणि ६० मध्ये अमेरिकेच्या कुठल्याही शहरात लहानपण गेलेल्या माणसाच्या कानात हा क्रम पक्का बसलेला असतो, शिकागो असो की अटलांटा, कारण बस तीच होती. पुढे अ‍ॅलिसनचा व्ही७३० हा तीन स्पीडचा ऑटोमॅटिक आला, काम चांगलं करतो, पण त्याच्या आवाजासाठी कोणी डोळे मिटत नाही.

ओळखायच्या कशा, तर फार सोपं आहे. १९४० ते १९६९ पर्यंतची ती जुनी, तिला इकडे ओल्ड लुक म्हणतात, पुढून गोलसर, समोर छोट्या सपाट काचा, आणि नंतरच्या बसमध्ये मोठ्या खिडक्यांच्या वर बुटक्या खिडक्यांची एक रांग, ती उभ्या प्रवाशांना बाहेरचं दिसावं म्हणून. १९५९ पासूनची ती न्यू लुक, समोर सहा तुकड्यांची फुगीर वळणदार काच म्हणून तिचं टोपणनाव फिशबोल, आणि बाजूच्या खिडक्या तिरक्या. न्यू लुक अमेरिकेत १९७७ पर्यंत बनली, कॅनडात १९८६ पर्यंत, एकूण ४४ हजारांच्या वर. आतल्या पाटीवर मॉडेल असतं, टीडीएच ५१०१ वगैरे, त्यात टी म्हणजे ट्रान्झिट, डी डिझेल, एच हायड्रॉलिक, पहिले दोन आकडे सीटचा अंदाज आणि शेवटचे दोन मालिकेचे. ट्रान्झिट म्युझियमची २९६९ नंबरची बस ही १९४९ ची टीडीएच ५१०१. तिथलीच ३१०० नंबरची १९५६ ची आहे, शहरातल्या बसला एअर कंडिशनिंग लावून बघितलं त्या प्रयोगातली, ती जरूर बघा.

मक्तेदारी कशी झाली ह्यावर लोक तावातावाने बोलतात आणि अर्धं चुकीचं बोलतात. नॅशनल सिटी लाइन्स नावाची कंपनी होती, ती शहराशहरातल्या ट्राम आणि बस कंपन्या विकत घ्यायची, आणि तिच्यात पैसे कोणाचे तर जीएम, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया, फिलिप्स पेट्रोलियम आणि ट्रक-बस बनवणारी मॅक. १९४९ मध्ये शिकागोच्या कोर्टात त्यांना दोषी ठरवलं, पण कशाबद्दल ते नीट बघा, त्या कंपन्यांना लागणाऱ्या बस, टायर, इंधन यांच्या विक्रीवर मक्तेदारी करायचा कट केला म्हणून. वाहतूक धंद्यावरच कब्जा करायचा कट होता हा आरोप सिद्ध झाला नाही. दंड कंपन्यांना ५ हजार डॉलर आणि अधिकाऱ्यांना प्रत्येकी १ डॉलर. एक डॉलर! ट्राम मरायला इतरही कारणं होती, गाड्या वाढल्या, रुळांचा खर्च परवडेना, तिकिटाचे दर वाढवता येईनात, पण कटाची गोष्ट चवदार आहे त्यामुळे ती टिकते.

ह्या कंपन्यांचं जाळं किती पसरलं होतं त्याचं उदाहरण म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध ओल्ड लुक, नंबर २८५७. टीडीएच ३६१०, म्हणजे छोटी छत्तीस सीटवाली, १९४८ मध्ये पाँटिअ‍ॅकला बनली, आधी इंडियानात टेरे होटला धावली आणि मग नॅशनल सिटी लाइन्सच्याच माँटगोमेरीच्या कंपनीत गेली. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स ह्या कृष्णवर्णीय बाई गोऱ्या प्रवाशासाठी ज्या बसमध्ये सीटवरून उठल्या नाहीत ती ही. पुढे बस निकामी झाली, अलाबामातल्या एका माणसाने घेऊन शेतावर हत्यारं नि लाकूड ठेवायला वापरली, इंजिन नाही, सीट नाहीत, वर्षानुवर्षं ऊनपाऊस. नंबर सिद्ध झाला तो कंपनीच्या माणसाने ठेवलेल्या कात्रणांच्या वहीवरून, त्यात बातमीच्या बाजूला बसचा नंबर लिहिलेला होता. २००१ च्या लिलावात डियरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियमने ती ४ लाख ९२ हजार डॉलरला घेतली आणि पूर्ण रिस्टोअर केली, २००३ पासून लोकांना बघायला आहे, आत बसताही येतं. आमच्या धंद्याच्या नजरेने सांगायचं तर ती पुन्हा उभी राहू शकली कारण तिच्यासारख्या हजारो होत्या, सीट, खिडक्यांपासून सगळं दुसऱ्या बसमधून मिळण्यासारखं होतं. एखाद्या छोट्या कंपनीची एकुलती एक बस असती तर नुसता सांगाडा ठेवावा लागला असता.

१९५६ मध्ये सरकारने जीएमवर बसच्या मक्तेदारीचा वेगळा खटला भरला, तो १९६५ मध्ये तडजोडीने मिटला आणि जीएमला आपली इंजिनं नि पार्ट स्पर्धकांना विकणं भाग पडलं. पण तोवर व्हाइट गेली, एसीएफ-ब्रिल गेली, ट्विन कोचचा बसचा धंदा १९५३ मध्येच फ्लेक्सिबलने घेतला, मॅकने १९६० मध्ये सिटी बस सोडली. उरली ओहायोतली फ्लेक्सिबल, तिनेही आपली न्यू लुक काढली ती दिसायला जीएमसारखीच, म्हणून तुम्हाला कंपनी वेगळी असली तरी चेहरा तोच वाटला. ट्रॉली बसवाल्यांचा पंथ वेगळा आहे, मार्मन-हेरिंग्टन वगैरे, सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल, डेटनला अजून तारांवर बस धावतात, पण त्यात आवाज नाही म्हणून मी त्यात शिरत नाही, आमचे दोन मित्र ह्यावरून माझ्याशी बोलायचे बंद होतील.

पुढचं थोडक्यात. १९६४ च्या कायद्याने केंद्र सरकारचा पैसा बस खरेदीला मिळायला लागला, बहुतेक खासगी कंपन्या बुडून शहरांच्या हातात आल्या. सत्तरच्या दशकात सरकारने ट्रान्सबस नावाने खालच्या फ्लोअरची नवी बस ठरवली, तीन कंपन्यांनी नमुने केले, आणि १९७९ मध्ये टेंडर निघालं तेव्हा एकही कंपनी बोली लावायला आली नाही. त्याआधीच जीएमने १९७७ मध्ये आरटीएस आणली, स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यांची. फ्लेक्सिबल तेव्हा ग्रुमनकडे होती, त्यांच्या ८७० मॉडेलच्या खालच्या फ्रेमला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तडे गेले आणि १९८० च्या हिवाळ्यात शहराने त्या रस्त्यावरून काढल्या. आरटीएस मात्र न्यूयॉर्कला २०१९ पर्यंत धावली, आणि आता तिशीतली पोरं तिच्यासाठी हळवी होतात, आम्हाला हसू येतं, पण आम्ही न्यू लुकसाठी रडायचो तेव्हा आमच्या आधीचे आम्हाला हसायचे.

एक गोष्ट तुमच्या मुलाला दाखवा, पैशाची पेटी. ह्या बसमध्ये कंडक्टर नाही, त्यामुळे बेस्टची तिकिटांची पत्र्याची पेटी नि टिकटिक इथे मिळणार नाही, सगळं ड्रायव्हरच बघायचा, वरून नाणी टाकायची, काचेतून ती ड्रायव्हरला दिसायची आणि मग खडखड करत खाली मोजली जायची. जॉन्सन फेअरबॉक्स म्हणतात तिला, टॉम जॉन्सन नावाच्या ट्रामवाल्याने काढलेली, हा गृहस्थ पुढे क्लीव्हलँडचा महापौर झाला. ड्रायव्हर पूर्वी सुट्टे पैसेही द्यायचे, पण त्यांच्याकडे रोकड असते म्हणून लूटमार आणि खून व्हायला लागले, मग १९६८-६९ मध्ये एकेका शहराने नियम केला की बरोब्बर तेवढेच पैसे टाका, परत काही मिळणार नाही.

आता विकत घ्यायचं. स्वस्त दिसते कारण बसची किंमत हा ह्यातला सगळ्यात लहान खर्च आहे. चाळीस फुटी न्यू लुक रिकामी असताना नऊ-दहा टनाच्या आसपास भरते, ती टो करून आणायचेच कधी कधी बसपेक्षा जास्त पैसे लागतात, आणि तुमच्या कॉलनीच्या असोसिएशनने ड्राइव्हवेवर उभी करू दिली तर मला कळवा, मी पेढे घेऊन येतो. गावाबाहेर शेड भाड्याने मिळत असेल आणि दोनतीन जण मिळून करत असाल तर गोष्ट वेगळी. मॉडेल निवडताना जीएमच घ्या, न्यू लुक, शक्यतो ६व्ही७१ असलेली, कारण हीच इंजिनं ट्रक, बोटी, जनरेटर सगळीकडे होती, १९९० च्या दशकापर्यंत बनत होती आणि पार्ट अजून मिळतात. ८व्ही७१ वाली ताकदीची आहे पण तहानलेली. पुढच्या वळणदार काचा सांभाळा, त्या आधी तपासा, सपाट काच कोणीही कापून देतो, ती वळणाची मिळवताना दमछाक होते.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चमकतोय म्हणून खूश होऊ नका, खाली जा. आतले भाग लोखंडाचे आहेत, आणि बर्फाच्या शहरांत रस्त्यावर मीठ टाकतात, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड जिथे जोडलंय तिथे मीठपाणी साचून आतल्या आत खातं. चाकांच्या कमानी, दाराच्या पायऱ्या आणि इंजिनाच्या पुढची आडवी भिंत, ह्या तीन जागा स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोनाची बस मिळाली तर चार पैसे जास्त द्या. टायरचंही आधी विचारा, कारण इकडे बऱ्याच ट्रान्झिट एजन्सी टायर विकत घेत नाहीत, कंपनीकडून मैलाच्या हिशोबाने भाड्याने घेतात, त्यामुळे बस निकाली निघते तेव्हा चांगले टायर काढून घेतात आणि वर नावाला झिजके लावलेले असतात.

वर्षानुवर्षं बंद असलेलं ७१ कधीही एकट्याने सुरू करू नका, हे मी जोर देऊन सांगतोय. इंजेक्टरचे रॅक (सिलिंडरमध्ये किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या पट्ट्या) फुल पोझिशनला अडकलेले असू शकतात, किंवा ब्लोअरच्या सीलमधून ऑइल हवेबरोबर आत जातं, मग चावी बंद करून काही होत नाही, इंजिन स्वतःच्या तेलावर पळत सुटतं आणि फुटेपर्यंत थांबत नाही. त्याला थांबवायचं म्हणजे हवा बंद करायची. इमर्जन्सीचा फ्लॅप असतो, तो हाताने हलवून बघा, जाम असतो बहुतेक वेळा, आणि एक माणूस फळीचा तुकडा घेऊन हवेच्या तोंडाशी उभा ठेवा. कापडाचा गोळा नको, ब्लोअर तो ओढून घेतो. ऑइल सिंगल ग्रेड ४० च घाला, आजचं मल्टिग्रेड चालत नाही ह्या इंजिनाला, आणि थोडं खाली टपकलं तर घाबरू नका, टपकायचं पूर्ण थांबलं तर मात्र डिपस्टिक बघा.

चालवायचा परवाना आणि विम्याचे नियम राज्याप्रमाणे बदलतात, बस घ्यायच्या आधी दोन्ही ठिकाणी फोन करा, विमा कंपनीला "जुनी गाडी" एवढंच सांगू नका, चाळीस फुटी आहे हेही सांगा. डिझेल गॅलनला चारपाच मैल. आणि एवढं सगळं करण्याआधी एक-दोन हिवाळे कुठल्यातरी म्युझियमच्या शेडमध्ये फुकट काम करा, पेन्सिल्व्हेनियात हर्शीला बसचं म्युझियम आहे, मेनमध्ये सीशोअरला ट्रॉलीबरोबर बसही आहेत, इलिनॉयच्या युनियन गावातल्या रेल्वे म्युझियममध्ये शिकागोच्या बस आहेत, सिअ‍ॅटलला तर मेट्रोच्या कर्मचाऱ्यांनीच संस्था काढून बस जपल्यात. मुलाला बरोबर घ्या, पहिलं काम त्याला एअर टँकमधलं पाणी काढायचं मिळेल, ते रोज काढावं लागतं, नाहीतर जानेवारीत लाइनमध्ये बर्फ होऊन ब्रेक सुटत नाहीत आणि अख्खी बस शेडच्या दारात आडवी अडकून बसते.